विम्यातली कौसा

माझ्या सासूबाईंना एकच स्वप्न पडायचं. लोकांना नाना तऱ्हेची स्वप्नं पडतात, मला तर लाइट बिलाचीही पडतात. यांचं मात्र एकच, तेच पुन्हा पुन्हा. नदी असायची. आपलीच उल्हास, पण स्वप्नात ती खूप रुंद व्हायची आणि तिच्या पाण्याला आवाज नसायचा. सासूबाई अलीकडे दगडावर बसलेल्या, पाय पाण्यात. पलीकडे त्यांचं माहेर, धुक्यात बुडालेलं. तिकडून कुणीतरी हाक मारायचं, "उमेऽऽ". आवाज बाईचा, पण माणूस दिसायचं नाही. सासूबाई ओ द्यायला तोंड उघडायच्या आणि घशातून नुसती हवाच यायची. मग जाग.

दुपारी जेवणं उरकली की हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर तांदूळ निवडता निवडता त्या मला हे सांगायच्या. मी म्हणायचे, "आई, एकदा मला न्या सोबत. तुमच्या वतीनं मी ओ देते."

"तुजं नाव उमा हाय का?" त्या हसून विचारायच्या.

"तुमचं तरी कुठं आहे?"

यावर त्या गळ्यातल्या टाकाला हात लावायच्या आणि पुन्हा सुपातले खडे वेचायला लागायच्या.

त्यांचं नाव उमा होतं, पण लग्नापर्यंतच. पुढची तीस-बत्तीस वर्षं त्या कौसाबाई होत्या. ही गोष्ट सगळ्या पाड्याला माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझे सासरे धर्मराज राऊत, शहाडला धाग्याच्या कारखान्यात कामाला होते. त्यांची पहिली बायको कौसा, माहेर ओतूरकडचं. माझा नवरा कैलास तान्हा असताना ती त्याला घेऊन माहेरी गेली, तापाने फणफणली आणि तिकडेच वारली. वर्षाच्या आत सासऱ्यांचं दुसरं लग्न लागलं. एकोणीस वर्षांची उमा नदीपलीकडून या घरात आली.

लग्नानंतर नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नाव लिहायचं असतं. घरच्यांनी ठरवलं होतं, उमाच ठेवायचं, चांगलं सुटसुटीत नाव आहे. सासऱ्यांनी अंगठी धरली, तांदळावर हात फिरवला आणि लिहून बसले, "कौसा". हाताला जे वळण होतं ते हाताने गिरवलं. सगळे बघत राहिले. सासरे स्वतःच भांबावले, पुसायला गेले, तर त्यांच्या आईने मनगट धरलं. म्हणाली, "पुसू नको. तिचीच इच्छा असंल." झालं! चूक झाली म्हणण्यापेक्षा इच्छा म्हणणं केव्हाही सोपं. ताटाकडे बघता बघता उमाची कौसा झाली.

वर तिच्या गळ्यात टाक आला. टाक म्हणजे चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीच्या नावाने तो काळ्या दोऱ्यात गळ्यात घालायचा आणि काढायचा नाही. नवी साडी आणली तर आधी टाकाला लावायची, मग नेसायची. सणाचा पहिला घास त्याला दाखवायचा. म्हणजे बघा, नाव तिचं, नवरा तिचा, मूल तिचं आणि तीही गळ्यात. माझं तर डोकंच फिरलं असतं. मी लग्नाआधीच कैलासला बजावलं होतं, ताटात सोनिया सोडून एक अक्षर जरी लिहिलंस तर ताट घेऊन माहेरी निघून जाईन. सासूबाईंचं मात्र टाकाशी चांगलं जमलं होतं. आमटीत मीठ जास्त पडलं तर त्यालाच दटावायच्या, "बग गं, तुजं लक्ष कुठं होतं?"

आता विम्याचं सांगते, कारण घोडं तिथेच अडलं.

कारखान्यात नोकरी असेल तर पगारातून थोडे पैसे कामगार विम्यात कापले जातात, मालक आपला वाटा घालतो आणि कामगाराला, त्याच्या घरच्यांना औषधपाणी मिळतं. एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. पण रिटायर झाल्यावर काय, असं विचारलं तर निम्मे लोक म्हणतात, संपलं. संपत नाही. निदान पाच वर्षं विम्यात काढलेली असली आणि वय होऊन नोकरी सुटली, तर महिना दहा रुपयांप्रमाणे सबंध वर्षाचे आगाऊ भरायचे, कंपनीचा दाखला जोडायचा, की नवरा-बायको दोघांचे उपचार चालू राहतात. दरवर्षी न विसरता भरायचे, एवढंच. मुलंबाळं त्यातून गळतात, म्हातारा-म्हातारी तेवढी उरतात. आधी नेमून दिलेल्या दवाखान्यात जायचं. तिथल्या डॉक्टरला गरज वाटली तर तो चिठ्ठी देऊन विम्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो. आमचं मोठं हॉस्पिटल उल्हासनगरला.

सासरे हे सगळं देवपूजेसारखं पाळायचे. विम्याचे पैसे भरायचा किंवा सासूबाईंच्या महिन्याच्या औषधाचा दिवस आला की इस्त्रीचा सदरा घालायचे, कार्ड वरच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावायचे. दवाखान्यात सासूबाईंचा नंबर आला आणि आतून "कौसाबाई धर्मराज राऊत" असं पुकारलं, की ताठ बसायचे. सासूबाई उठून आत जायच्या आणि हे जिथून आवाज आला त्या दाराकडे बघत राहायचे. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की आपण दुसरीकडे बघावं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला सरकारचं भारी कौतुक.

रिक्षावाल्यांच्या हातातही नुकतेच मोबाइल दिसायला लागले होते, त्या सुमाराची ही गोष्ट. सासूबाईंच्या पोटात उजव्या अंगाला कळा यायला लागल्या. आधी ओवा झाला, मग सोडा झाला, मग शेजारच्यांनी सांगितलेलं सगळं झालं. एके दिवशी त्या चुलीपुढेच वाकल्या त्या सरळच होईनात. विम्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली, सोनोग्राफी झाली. पित्ताच्या पिशवीत खडे.

"जलमभर तांदळातले खडे निवडले," सासूबाई रिक्षात म्हणाल्या, "हे कवा गिळले?"

ऑपरेशन करावं लागणार होतं. कैलास उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका दुकानात पॉलिशचं काम करतो. तिथे इनमीन चार माणसं, विमा-बिमा काही नाही. प्रायव्हेटमधला आकडा ऐकून तो दुकानातल्याच एका न विकलेल्या सोफ्यावर बसला. शेठ चांगला माणूस, म्हणाला, "साईं, बाप का विमा है ना? फिर टेन्शन काहे का?"

खरंच होतं. विमा होता. ठरल्या दिवशी मी, सासरे आणि सासूबाई हॉस्पिटलात गेलो.

तपासणारी डॉक्टर तरुण होती, माझ्याहून लहानच असेल. सासूबाईंना टेबलावर निजवून तिने पडदा ओढला. मी आत, सासरे पडद्याबाहेर स्टुलावर. तिने विचारलं, "याआधी कसलं ऑपरेशन झालंय?"

सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत पडद्याबाहेरून खणखणीत उत्तर आलं. "हो तर. अपेंडिसचं. एकाहत्तर साली, हितंच. लई घाबरली होती. मी पायापाशी बसून होतो."

डॉक्टरने पोट बघितलं. उजव्या बाजूला बोट फिरवलं, दिव्याखाली वाकून पाहिलं. कुठे काही नाही. तिथे टाक्यांची खूण नव्हती, आणि खरं सांगायचं तर बाळंतपणाचीही नव्हती. कैलासनंतर या घरात पाळणा हलला नाही.

"आजोबा, ऑपरेशन नक्की कुणाचं झालं होतं?"

पडद्याबाहेरचं स्टूल करकरलं. आता काय सांगायचं? व्रण बुजला म्हणावं? सासूबाई छताकडे बघत होत्या. अगदी शांतपणे, पीठ संपलंय असं सांगावं तशा त्या म्हणाल्या, "ते त्यांच्या कौसाचं सांगतायत. ती वारली. मी उमा."

मी त्या घरात आल्यापासून त्यांनी ते नाव स्वप्नाबाहेर उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर चिडली नाही, हे तिचे उपकार. सासऱ्यांना आत बोलावून तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे बघा आजोबा, कार्डावर वय साठीचं आहे, या बाई पन्नाशीच्या. उद्या भूल देताना मला यांचं वय, यांचे आजार, यांचं रक्त माहीत पाहिजे. दुसऱ्या बाईची माहिती घेऊन मी यांना टेबलावर घेणार नाही. विम्याच्या ऑफिसात जाऊन नोंद दुरुस्त करून आणा. तुमची लग्नाची बायको आहे, त्यांचा हक्क कुठे जात नाही. पण लवकर करा. पिशवी सुजली आहे. पुन्हा तशी कळ येऊन आत पू झाला तर जिवावर बेतेल."

विम्याच्या ऑफिसात खिडकीवरच्या साहेबांनी कार्ड उलटसुलट केलं. "फोटो या बाईंचा, नाव-वय त्या बाईंचं. काका, पहिली पत्नी वारली ते तुम्ही कळवलंच नाही?"

सासऱ्यांनी खिशाचं बटण चाचपलं.

"हरकत नाही. तिच्या मृत्यूचा दाखला आणा, दुसऱ्या लग्नाचं प्रतिज्ञापत्र करा, तुमचा अर्ज द्या. तिचं नाव कमी करू, हिचं चढवू."

"कमी करू म्हंजे?"

"खोडू. काका, विमा एका वेळी एकाच बायकोला."

मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. सासऱ्यांनी कार्ड खिशात ठेवलं, बटण लावलं आणि मला "चल" सुद्धा न म्हणता जिना उतरून चालू पडले.

घरी आल्यावर एकच वाक्य. "मी नाय खोडायचा."

मी तडकले. सून आहे म्हणून काय झालं? मी म्हटलं, "बाबा, गेलेलीचं नाव वाचवायला जितीचा जीव घेणार का?" कैलासने मला डोळ्यांनी दाबलं, पण नंतर तोच बापासमोर उकिडवा बसला. "बाबा, ती गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. माझ्यासाठी आई म्हणजे ही. हिला काय झालं तर मी हाक कुणाला मारू?" सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवलं.

आत सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "नका भांडू," त्या म्हणाल्या. त्यांच्या त्या पडत्या आवाजाचाच मला जास्त राग आला.

संध्याकाळी सासरे ओट्यावर एकटेच बसले होते. मी चहा ठेवला, तर कार्डाकडे बघतच बोलायला लागले. "कामाला लागल्यावर पयलं कार्ड आलं ना, तवा तिला वाचून दाखवलं. तिचं नाव सरकारच्या कागदावर! तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाली, मी हितं राहते का? म्हटलं, हो, हितंच राहतेस." चहावर साय धरली. "तिचा फोटो नाय काढला कवा. जमिनीवर नाव नाय. गावात तिला बघितलेली माणसंबी गेली. ती आता नुसती विम्यात हाय, सोनिया. तिथून पन पुसली तर ऱ्हाईल कुठं?"

मी चहा पुन्हा गरम करून आणला.

म्हणजे सरकारचं कौतुक नव्हतं तर. दर महिन्याला औषधाच्या निमित्ताने कुणीतरी परका माणूस मोठ्याने तिचं नाव घ्यायचा, ते ऐकायला हा माणूस इस्त्रीचा सदरा घालून जात होता. आणि उठून आत जायची ती दुसरीच.

चार दिवसांनी पुन्हा कळ आली आणि सोबत ताप. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन ताप उतरवायला घेतला, पण ऑपरेशन आता टाळू नका असं बजावलं. त्यांना घरी आणलं, दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन येऊन सासूबाईंच्या पायांवर पडलं होतं आणि घरभर इतकी शांतता की कोपऱ्यातल्या माठाचं पाझरणं ऐकू यावं. सासरे उशाशी बसून कपाळावरची पट्टी बदलत होते. मी दारात. सासूबाईंचे डोळे अर्धवट उघडे होते, आणि त्या जागेपणी बोलत होत्या की झोपेत ते मला अजूनही सांगता येणार नाही.

"आज नदी नव्हती," त्या म्हणाल्या. "दवाखाना होता. पांढरा, लांबच्या लांब. त्याला भिंतीच नव्हत्या. रांगेत कौसा उभी होती."

सासऱ्यांचा हात थांबला.

"कशी होती?" त्यांनी विचारलं. असं विचारलं जणू ती सकाळी बाजारात भेटली होती.

"तवा गेली तशीच. केस काळेभोर. माज्याकडून लावून घेतलेल्या समद्या साड्या एकावर एक नेसून उभी, जड झालेली. मी म्हटलं, बाई, बस की जरा. तर म्हणाली, कशी बसू, नाव पुकारतील ना. म्हटलं, पाय दुखत असतील. म्हणाली, दुखतात गं. दर बारीला नाव घेतात म्हणून येते. येते, आनि आत तू जातेस."

पट्टीतलं पाणी सासऱ्यांच्या मनगटावरून ओघळत होतं.

"अहो," सासूबाईंनी डोळे पूर्ण उघडले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "मेलेल्या बाईला किती वर्सं रांगेत उभी करायची? जाऊ द्या की तिला."

ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलं. मग सासरे उठले, खुंटीवरचा सदरा घातला. तो इस्त्रीचा नव्हता. कैलासला म्हणाले, "ओतूरला फोन लाव. दौलतरावाला."

दौलतराव म्हणजे कौसाचा धाकटा भाऊ. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने आला, घामाघूम. मला वाटलं होतं दाखल्यासाठी महिना खेटे घालावे लागतील. त्याने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. बहीण गेली त्याच महिन्यात त्याच्या वडिलांनी ग्रामपंचायतीत नोंद केली होती. "दाखला तेव्हापासून घरात आहे, दाजी," तो म्हणाला. "मागायला कुणी आलंच नाही."

वकिलाकडे प्रतिज्ञापत्र झालं. टाइप करणाऱ्याने विचारलं, "मयत लिहू ना?" सासरे म्हणाले, "वारली लिवा." तो म्हणाला, कायद्यात मयतच असतं. सासऱ्यांनी मान डोलावली.

पुन्हा तीच खिडकी, तेच साहेब. त्यांनी कागद चाळले आणि म्हातारा माणूस बघून त्यांना दया आली असावी. "काका, एक करता येईल. लग्नात यांचं नाव कौसाबाईच ठेवलं होतं ना? मग नाव तसंच राहू द्या. फक्त वय आणि लग्नाची तारीख बदला. मतदानाच्या कार्डावरही कौसाबाईच आहे, काम लवकर होईल. खाली तुमच्या हाताने पत्नीचं नाव लिहा आणि सही करा. जे लिहाल ते चढवतो."

मला त्या भल्या माणसाला खिडकीतून हात घालून गप्प करावंसं वाटलं. नाव तसंच राहिलं तरी ऑपरेशन होणार होतं. सासूबाई वाचणार होत्या. मग मला का राग यावा? पण आला. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला होता. तीस वर्षांचं ओझं न उतरवता घरी जायची वाट सापडली होती.

त्यांनी पेन घेतलं. अर्ज खिडकीच्या दगडी कठड्यावर ठेवला. हात कागदावर आला आणि थांबला. मी तांदळाचं ते ताट कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी मला ते दिसत होतं. बोटांना वळण होतं. तीस वर्षं दर अर्जावर एकच नाव लिहिलेली बोटं. पेनाच्या टोकाने 'क' सुरू करायला काय लागतं?

मागचा माणूस म्हणाला, "काका, लवकर." सासऱ्यांनी मागे वळून बघितलं नाही. पहिलीतल्या मुलासारखं ओठ दुमडून, कागदावर वाकून, एक एक रेघ ओढत त्यांनी लिहिलं. आधी उ. मग बराच वेळ काहीच नाही. मग मा.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे नक्की?"

"व्हय," सासरे म्हणाले. "लगनातच लिवायचं होतं. ऱ्हाऊन गेलं."

जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. मी रडत होते, ते त्यांच्या लक्षात आलं नाही असं त्यांनी दाखवलं.

ताप उतरला, तपासण्या नव्याने झाल्या, ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या सकाळी आम्ही चौघं हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. आणखी पुष्कळ म्हातारी माणसं होती. कुणी मोतीबिंदूचं, कुणी हर्नियाचं, सगळ्यांच्या हातात कार्डं, सगळ्यांचे कान दाराकडे. दार उघडून सिस्टरने पुकारलं.

"उमाबाई धर्मराज राऊत."

कुणीच उठलं नाही. सासूबाईही इकडेतिकडे बघायला लागल्या, कोण ही बाई, उठत का नाही? मीसुद्धा क्षणभर चुकले. सिस्टरने पुन्हा पुकारलं. सासऱ्यांनी घसा साफ केला.

"उमा," ते म्हणाले. "तुला बोलवतात."

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी कैलासचा हात घट्ट धरला.

आत नेण्याआधी सिस्टर म्हणाली, "गळ्यातलं सगळं काढायचं." मंगळसूत्र निघालं, ते माझ्याकडे आलं. टाकाचा दोरा मात्र निघेना, गाठ वर्षानुवर्षांच्या घामाने दगड झाली होती. सासूबाईंनी एकदा गळ्याशी हात नेला, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, मग मानेनेच हो म्हटलं. सिस्टरने कात्रीने दोरा कापला. मी हात पुढे केला, तर त्या मला ओलांडून गेल्या आणि टाक सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला.

"धरा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सासऱ्यांनी मूठ मिटली. मग किती वेळ गेला कोण जाणे. कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास होता, पंखा संथ फिरत होता, बाकावरची म्हातारी माणसं एकमेकांच्या खांद्यावर पेंगत होती. मी चहा आणला तो सासऱ्यांनी डाव्या हाताने घेतला. उजवी मूठ मांडीवर, मिटलेली. मधूनच त्यांचे ओठ हलत होते. त्या दिवशी ते कौसाशी काय बोलले ते त्यांचं त्यांना माहीत.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या प्रहरी सासूबाई शुद्धीवर आल्या, अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. ओठ सुकलेले. मी वाकले.

"सोनिया," त्या पुटपुटल्या, "मी ओ दिली."

"कुणाला, आई?"

"पलीकडं. उमे म्हटलं, मी ओ म्हटलं. लई मोठ्यानं." त्या हसल्या, मग पोट दुखलं म्हणून थांबल्या. "मला वाटायचं म्हायेरचं कोणी बोलवतंय. कौसा होती गं ती. इतकी वर्सं तीच हाक मारीत होती."

सासरे पलंगाशी येऊन उभे राहिले. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर टाकाचा ठसा उठला होता, लालसर, बाईच्या आकाराचा. "दोरा नवा आणतो," ते म्हणाले. "गळ्यात घालू का?"

सासूबाईंनी डोळे मिटूनच मान हलवली. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. इतकी वर्सं मी सांभाळली. आता तुमची बायको तुम्ही सांभाळा."

कैलास हसला, मीही हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी टाक वरच्या खिशात, नव्या कार्डाच्या मागे ठेवला आणि बटण लावलं. मग स्टूल पलंगाजवळ ओढून बसले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "उमा."

"पाणी द्यायचं नाही सांगितलंय डॉक्टरांनी," मी म्हटलं.

"म्हाईत हाय. नुसती हाक मारून बगितली."

"ओ," सासूबाई म्हणाल्या.